प्राग : चौथरा सोडलेले पुतळे

प्रागमध्ये व्ल्तावा नदीच्या काठाला लागूनच लेटना नावाची टेकडी आहे. दगडी जिने चढून वर गेलं की एक अवाढव्य चौथरा लागतो आणि त्यावर ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची उंचच उंच प्रतिकृती दिसते. व्रातिस्लाव नोव्हाक या शिल्पकाराने ती १९९१ मध्ये उभारली. खाली नदीवरचे पूल एकापुढे एक दिसत असतात आणि चौथऱ्याच्या फरसबंदीवर तरुण मुलं स्केटबोर्ड खेळत असतात. मेट्रोनोम मोठं असलं तरी चौथऱ्याच्या मानाने लहानच वाटतं, कारण तो बांधला गेला होता स्टालिनसाठी.

१ मे १९५५ रोजी इथे स्टालिनच्या स्मारकाचं अनावरण झालं. साडेपंधरा मीटर उंच आणि बावीस मीटर लांब असं ते ग्रॅनाइटचं शिल्प होतं. पुढे स्टालिन आणि त्याच्या मागे दोन ओळींत कामगार, शेतकरी, सैनिक. टंचाईच्या त्या काळात प्रागकरांनी त्याचं नाव पाडलं, ‘मटणाच्या दुकानापुढची रांग’. शिल्पकार ओटाकार श्वेट्स याने अनावरणापूर्वीच आत्महत्या केली. स्टालिन तर १९५३ मध्येच वारला होता. अनावरणानंतर पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने स्टालिनच्या कारकिर्दीचे वाभाडे काढले आणि १९६२ मध्ये ज्या सत्तेने हे स्मारक बांधलं तिनेच ते सुरुंग लावून उडवलं.

प्रागमधली आजची विचित्र, कधी किळसवाणी, कधी थरकाप उडवणारी शिल्पं पाहायची असतील तर सुरुवात या चौथऱ्यापासून करावी, असं मला मनापासून वाटतं. कुणापुढे मान झुकवायची हे इथल्या लोकांना कित्येक दशकं पुतळेच सांगत आले. १९८९ च्या नोव्हेंबरात कम्युनिस्ट राजवट गेली आणि शिल्पकारांच्या हाती रस्ते आले, तेव्हा त्यांनी नवे नायक घडवून जुन्या चौथऱ्यांवर बसवले नाहीत. त्यांनी पुतळे उलटे टांगले, छपरांवरून लोंबकळत ठेवले, त्यांचे चेहरे काढून घेतले, त्यांची शरीरं फाडली. जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला थांबायला आणि स्वतःचं मत बनवायला भाग पाडणं, हे त्या अस्वस्थतेमागचं काम आहे. प्रागच्या रस्त्यांवरून फिरताना मला हे पावलोपावली जाणवत गेलं.

गुलाबी रणगाडा

या कहाणीतलं पहिलं गाजलेलं कृत्य आता शहरात उरलेलं नाही, पण ते माहीत असल्याशिवाय पुढचं कळत नाही. स्मिखोव भागातल्या एका चौकात सोव्हिएत रणगाडा क्रमांक २३ चौथऱ्यावर चढवलेला होता. मे १९४५ मध्ये प्राग नाझींपासून मुक्त करणाऱ्या सोव्हिएत सैनिकांचं ते स्मारक. पण १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे पुन्हा प्रागमध्ये घुसले, ते इथे उमलू लागलेलं स्वातंत्र्य चिरडायला. त्यानंतर चौथऱ्यावरच्या त्या रणगाड्याकडे कृतज्ञतेने पाहणं अनेकांना अशक्य झालं. एप्रिल १९९१ मध्ये कलाशाळेत शिकणाऱ्या डेव्हिड चेर्नी या तरुणाने मित्रांना घेऊन एका रात्रीत तो रणगाडा गुलाबी रंगवला आणि वर एक उभारलेलं बोट बसवलं.

चेर्नीला पोलिसांनी पकडलं आणि सैनिकांनी रणगाडा पुन्हा हिरवा केला. तेव्हा संसदेचे काही सदस्य स्वतः ब्रश घेऊन आले आणि त्यांनी तो परत गुलाबी रंगवला, कारण खासदार म्हणून त्यांच्यावर सहजासहजी कारवाई होऊ शकत नव्हती. त्याच वर्षी जूनमध्ये शेवटचे सोव्हिएत सैनिक देश सोडून गेले. गुलाबी रणगाडा आज शहराबाहेर लेशानीच्या लष्करी तंत्र संग्रहालयात आहे. बालवाडीच्या भिंतीला शोभेल असा रंग लावल्याबरोबर रणगाड्याची सगळी जरब उतरली. चेर्नीचा जन्म १९६७ चा. आज प्रागमधल्या वादग्रस्त शिल्पांपैकी सर्वांत जास्त त्याच्या नावावर आहेत.

मेलेल्या घोड्यावरचा संत

वेन्सेस्लास चौक हा नावाला चौक. प्रत्यक्षात तो एक लांबरुंद, चढत जाणारा रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय आणि त्याच्यासमोर संत वेन्सेस्लासचा अश्वारूढ पुतळा. दहाव्या शतकात सख्ख्या भावाच्या माणसांनी मारलेला हा बोहेमियाचा ड्यूक पुढे चेक लोकांचा रक्षणकर्ता संत झाला. देशावर घोर संकट आलं की ब्लानिक डोंगराच्या पोटात झोपलेले सरदार उठतील आणि वेन्सेस्लास त्यांचं नेतृत्व करेल, अशी आख्यायिका आहे. हा पुतळा योसेफ मिस्लबेक याचा. १९१८ चं स्वातंत्र्य असो, १९६८ चं आक्रमण असो की १९८९ चं आंदोलन, लोक याच घोड्याच्या पायाशी जमत आले.

इथून थोडं खाली उतरून लुत्सेर्ना नावाच्या जुन्या इमारतीतल्या बोळात शिरावं. वरती काचेचं छत, दोन्ही बाजूंना कॅफे, दुकानं, सिनेमागृहाचा जिना. मधोमध छताला तोच घोडा टांगलेला आहे, पण चारही पाय वर बांधलेले, मान खाली लोंबकळणारी, तोंडातून जीभ बाहेर आलेली. त्या मेलेल्या घोड्याच्या पोटावर संत वेन्सेस्लास ताठ बसला आहे. अंगात चिलखत आहे, हातात भाला आहे आणि आपलं वाहन मेलं आहे याची गंधवार्ताही त्याच्या बसण्यात नाही. चेर्नीचं हे शिल्प १९९९ चं. सुरुवातीला ते वेन्सेस्लास चौकातच, खालच्या टोकाला लटकत होतं.

लुत्सेर्नाची इमारत बांधली राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव हावेल यांच्या आजोबांनी. वेन्सेस्लासचंच चेक रूप व्हात्स्लाव. १९९९ मध्ये हावेल राष्ट्राध्यक्ष होते आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते व्हात्स्लाव क्लाउस, त्यामुळे शिल्पाचा रोख कुणावर यावर बरीच चर्चा झाली. मला त्याचा रोख व्यक्तींपेक्षा त्या आख्यायिकेवर वाटतो. संकटकाळी कुणीतरी घोड्यावर बसून येईल, ही आशा राष्ट्रांना निष्क्रिय करते. वरच्या चौकातला घोडा पाहून आलेल्या माणसाला हा घोडा पाहताना धक्का बसतो आणि त्या धक्क्यात एक खडा सवाल असतो : तुमचा तारणहार ज्यावर बसला आहे, ते जिवंत तरी आहे का?

एका हातावर लटकलेला माणूस

जुन्या शहरातली हुसोवा ही गल्ली अरुंद आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती जवळजवळ, त्यामुळे माणूस सहसा समोर बघत चालतो. मान वर केली तर छपरातून पुढे आलेल्या एका वाशाला माणूस लटकलेला दिसतो. दाढी, चष्मा, अंगात सूट. एका हाताने वासा धरलेला आणि दुसरा हात निवांतपणे खिशात. हा मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड. १९९६ चं हे शिल्पही चेर्नीचंच. फ्रॉइडचा जन्म १८५६ मध्ये मोराव्हियातल्या प्रीबोर गावी झाला, म्हणजे आजच्या चेक देशातच.

या शिल्पाची सगळी ताकद त्या दोन हातांत आहे. वरच्या हातावर सगळ्या देहाचा भार आहे, तो कधीही सुटेल असं वाटतं. खिशातला हात मात्र फिरायला निघालेल्या माणसाचा आहे. मरण जवळ आलेला माणूस आणि मरणाचा शांतपणे अभ्यास करणारा माणूस एकाच देहात दिसतात. याच्या प्रती परदेशांत प्रदर्शित झाल्या, तेव्हा कुणीतरी खरंच जीव देतो आहे असं समजून लोकांनी पोलिसांना बोलावल्याच्या घटना घडल्या. मी पाहत होते तेव्हा एक बाई आपल्या लहान मुलीला बोट करून तो माणूस दाखवत होत्या आणि मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती. भाषा मला कळत नव्हती, पण तिचा सूर काळजीचा होता. अनोळखी माणसाबद्दल अशी काळजी वाटायला लावणं हे लहान काम नाही.

काफ्काचे दोन चेहरे

लेखक फ्रान्झ काफ्का १८८३ मध्ये प्रागमध्ये जन्मला आणि चाळीस वर्षांच्या आयुष्यातला बहुतेक काळ या शहरातच राहिला. १९०८ पासून १९२२ पर्यंत त्याने कामगार अपघात विमा संस्थेत नोकरी केली. लाकूड रंधणाऱ्या यंत्रांमध्ये कामगारांची बोटं कशी तुटतात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने सचित्र अहवाल लिहिला होता. माणसाचं शरीर आणि निर्विकार यंत्र यांची गाठ तो रोज कागदांवर पाहत होता.

नारोद्नी त्रिदा या मेट्रो स्थानकाशेजारी, क्वाड्रिओ या व्यापारी संकुलाच्या मागच्या आवारात, चेर्नीने २०१४ मध्ये काफ्काचं फिरतं शिर उभारलं. अकरा मीटर उंच, चकचकीत पोलादाचं आणि आडव्या ४२ थरांचं. प्रत्येक थर स्वतंत्रपणे फिरतो. क्षणभर सगळे थर जुळतात आणि काफ्काचा चेहरा समोर येतो. मग हनुवटी एकीकडे निघते, कपाळ दुसरीकडे, डोळे गालांपासून सुटतात. काही वेळ नुसतं चमकणारं पोलाद उरतं आणि त्यात आजूबाजूच्या इमारती आणि आपणच तुकड्यातुकड्यांनी दिसतो. थर पुन्हा जुळतात तेव्हा तो चेहरा भलत्याच दिशेला पाहत असतो. शिर दिवसभर सतत फिरत नाही, मध्ये विश्रांती असते, म्हणून हाताशी वेळ ठेवून जावं.

दुसरा काफ्का जुन्या ज्यू वस्तीत, दुश्नी रस्त्यावर स्पॅनिश सिनेगॉगजवळ आहे. यारोस्लाव रोना याचं हे ब्राँझ शिल्प २००३ चं. पावणेचार मीटर उंचीचा एक सूट चालतो आहे. सूटाला डोकं नाही, हात नाहीत, आत शरीरही नाही. त्या पोकळीच्या खांद्यांवर लहानखुरा काफ्का बसला आहे आणि बोटाने दिशा दाखवतो आहे. काफ्काच्या सुरुवातीच्या एका कथेत निवेदक ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर बसून जातो, त्यावरून हे सुचलं. जवळ जाऊन रिकाम्या कॉलरच्या आत पाहिलं की पोकळीचा अंधार दिसतो. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या ज्यू संहारात मारल्या गेल्या हे माहीत असेल, तर या वस्तीत उभा असलेला हा रिकामा सूट आणखी जड होतो. जवळच इस्टेट्स थिएटरच्या दाराशी आना ख्रोमी हिने घडवलेला रिकामा झगा बसलेला आहे. मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेराचा पहिला प्रयोग १७८७ मध्ये याच नाट्यगृहात झाला आणि त्यात खुनाचा जाब विचारायला पुतळाच जिवंत होऊन येतो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवायला हवी. क्वाड्रिओपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या माय या दुकान-इमारतीच्या दर्शनी भागावर २०२४ पासून चेर्नीची दोन मोठी फुलपाखरं पंख हलवत असतात. त्यांची धडं स्पिटफायर विमानांची आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलातून लढलेल्या चेकोस्लोव्हाक वैमानिकांची ही आठवण. प्रागमध्ये त्यावर बरीच टीका झाली. मलाही ती पटते. ज्याने पोलिसांचा धोका पत्करून रणगाडा रंगवला, त्याची कला आता गिऱ्हाईक खेचणाऱ्या इमारतींवर झळकते आहे आणि तिथे तिची धार बोथट होते. फुलपाखरांपुढे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. हुसोवा गल्लीत मात्र ते थांबतात.

चेहरा नसलेली बाळं

नदी ओलांडून माला स्त्राना भागात आलं की काफ्का संग्रहालयाच्या अंगणात चेर्नीचे दोन ब्राँझचे पुरुष समोरासमोर उभे राहून लघवी करताना दिसतात. खालचं पाण्याचं पात्र चेक देशाच्या नकाशाच्या आकाराचं आहे. यंत्राने त्यांच्या कमरा हलतात आणि पाण्याच्या धारेने अक्षरं लिहिली जातात. शिल्प २००४ चं, म्हणजे देश युरोपीय संघात सामील झाला त्या वर्षीचं. येणारेजाणारे हसतात. देशाचा नकाशा पूज्य मानायला शिकलेल्या माणसाला मात्र तिथे गुदमरल्यासारखं होतं. तसं होणं साहजिक आहे. ते नाकारून पुढे जाऊ नये.

नदीकाठाने दक्षिणेकडे गेलं की कांपा बेट लागतं. इथलं कांपा संग्रहालय मध्य युरोपातल्या आधुनिक कलेचं मोठं भांडार आहे. कम्युनिस्ट राजवटीत ज्या चित्रकार-शिल्पकारांना प्रदर्शनं भरवता येत नव्हती, त्यांची कामं मेडा म्लाद्कोवा या कलासंग्राहक बाईंनी परदेशात राहून वर्षानुवर्षं जमवली आणि शेवटी प्रागला दिली. २००२ च्या महापुराने ही इमारत वेढली होती. बाहेर असलेली माग्दालेना येतेलोवा हिची राक्षसी खुर्ची तेव्हा नदीने वाहून नेली. आज तिथे नवी खुर्ची आहे.

संग्रहालयाबाहेर हिरवळीवर तीन ब्राँझची बाळं रांगत आहेत. प्रत्येक बाळ हत्तीच्या पिल्लाहून मोठं. मागून पाहिलं तर नितंब, गुबगुबीत मांड्या, पायांची बोटं, सगळं खऱ्या बाळाचं. लहान मुलं त्यांच्या पाठीवर चढून घसरगुंडी करतात, म्हणून पाठी आणि टकली गुळगुळीत होऊन चमकतात. मग आपण पुढच्या बाजूला येतो आणि पोटात गोळा येतो. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. चेहऱ्याच्या जागी आत दाबलेल्या उभ्या खाचा आहेत, कारखान्यातून निघालेल्या मालावर छाप मारावा तशा.

हीच बाळं पूर्वेकडच्या झिझकोव भागात टीव्हीच्या मनोऱ्यावरही चढताना दिसतात. २१६ मीटर उंचीच्या या मनोऱ्याचं बांधकाम १९८५ मध्ये, कम्युनिस्ट राजवटीच्या अखेरच्या वर्षांत सुरू झालं आणि त्यासाठी जुन्या ज्यू दफनभूमीचा एक भाग उखडण्यात आला. स्थानिक लोकांचा त्यावर राग होता. २००० मध्ये प्राग युरोपची सांस्कृतिक नगरी होतं, तेव्हा चेर्नीने दहा बाळं तात्पुरती इथे चढवली. लोकांना ती इतकी आवडली की २००१ मध्ये ती परत आणून कायमची बसवण्यात आली. जुनी झाल्यावर २०१९ मध्ये नव्या प्रती आल्या. दुरून ती काळ्या किड्यांसारखी दिसतात. प्रसारण करणाऱ्या खांबावर चेहरा नसलेली मुलं चढत आहेत, हे दृश्य आज, प्रत्येक लहान मुलाच्या हाती पडदा आलेला असताना, पूर्वीपेक्षा जास्त बोचतं.

पाय फुटलेली ट्राबांट

माला स्त्रानातल्या लोब्कोविट्स वाड्यात जर्मनीचा राजदूतावास आहे. वाड्याला वळसा घालून मागच्या बाजूला गेलं की कुंपणातून बागेत एक मोटार दिसते. पूर्व जर्मनीत बनणारी ट्राबांट, चाकांच्या जागी चार जाडजूड पाय असलेली. १९९० मध्ये चेर्नीने हे शिल्प केलं आणि त्याची ब्राँझ प्रत आज इथे आहे.

१९८९ च्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीतून हजारो लोक ट्राबांट घेऊन प्रागला आले, गाड्या रस्त्यांवर सोडल्या आणि तेव्हाच्या पश्चिम जर्मन राजदूतावासाची भिंत चढून आत उतरले. बागेत तंबू पडले, पावसाने चिखल झाला, मुलंबाळं घेऊन माणसं दाटीवाटीने राहू लागली. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी पश्चिम जर्मनीचे परराष्ट्रमंत्री हान्स-डिट्रिश गेन्शर सज्जात आले आणि तुम्हाला जाऊ दिलं जाणार आहे, असं सांगू लागले. जल्लोषात त्यांचं वाक्य पुरं ऐकूच आलं नाही. त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत तोच बर्लिनची भिंत कोसळली. ज्या गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबत, ती रस्त्यावर टाकून ते चालत सुटले. त्या गाडीलाच पाय फुटले आहेत. इतिहासाच्या पुस्तकात हे प्रकरण एका परिच्छेदात संपतं. इथे कुंपणाला गाल लावून पाहताना भीती आणि आशा यांचं ते ओझं अंगावर येतं.

जिन्यावर विरत जाणारा माणूस

उयेज्द या ट्रामथांब्यासमोर पेत्रशीन टेकडीच्या पायथ्याशी काँक्रीटचा एक चढता जिना आहे. त्यावर ब्राँझचे सात नग्न पुरुष उभे आहेत. कम्युनिस्ट राजवटीत बळी गेलेल्यांचं हे स्मारक मे २००२ मध्ये खुलं झालं. शिल्पकार ओलब्राम झोउबेक आणि त्याच्यासोबत वास्तुरचनाकार झ्देनेक होल्झल व यान केरेल.

सर्वांत खालची आकृती पूर्ण आहे : हडकुळा, दाढीवाला, पायऱ्या उतरणारा माणूस. त्याच्या मागे, वरच्या पायरीवर तोच माणूस. पण त्याच्या देहाला चीर गेली आहे. त्याच्या वर हात गेलेला आहे, मग छाती उघडी पडलेली, मग डोकं दुभंगलेलं. पायरीगणिक देह कमी होत जातो आणि सर्वांत वर शरीराचा जेमतेम अवशेष म्हणावा एवढंच उरतं. तरीही जे उरलं आहे ते उभं आहे. मी एकेका आकृतीशी थांबत वर पाहत गेले. ब्राँझचा पृष्ठभाग खडबडीत, जळून सुरकुतल्यासारखा आहे. फाटलेल्या कडा गुळगुळीत केलेल्या नाहीत.

जिन्याच्या मधोमध धातूची पट्टी आहे आणि तिच्यावर आकडे आहेत. शिक्षा झालेले २,०५,४८६. देशाबाहेर गेलेले १,७०,९३८. तुरुंगात मेलेले ४,५००. सीमा ओलांडताना मारले गेलेले ३२७. फाशी दिलेले २४८. हे आकडे पायाखालून जातात आणि समोर एकच माणूस सात वेळा नाहीसा होत असतो. स्मारकावर स्त्री नाही, यावर अनावरणाच्या वेळी टीका झाली होती आणि ती रास्त होती. फाशी गेलेल्यांत मिलादा होराकोवा ही खासदार स्त्री होती. २००३ मध्ये इथे स्फोट झाला आणि एका आकृतीचं नुकसान झालं. कुणाला तरी हे स्मारक सहन झालं नाही.

याच झोउबेकने जानेवारी १९६९ मध्ये यान पालाखच्या मृत चेहऱ्याचा साचा घेतला होता. पालाख वीस वर्षांचा विद्यार्थी. सोव्हिएत आक्रमणापुढे देश हळूहळू गप्प होतो आहे, हे पाहून त्याने १६ जानेवारीला वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला स्वतःला पेटवून घेतलं. तीन दिवसांनी तो गेला. तो शिकत होता त्या चार्ल्स विद्यापीठाच्या इमारतीवर आज त्या साच्यावरून केलेला चेहरा बसवलेला आहे आणि समोरच्या चौकाला त्याचं नाव आहे.

त्या चौकाजवळ नदीकाठी २०१६ पासून पालाखच्या स्मरणार्थ दोन पेट्यांसारखी छोटी घरं उभी आहेत. अमेरिकन वास्तुरचनाकार जॉन हेडुकने त्यांना आत्महत्या करणाऱ्याचं घर आणि आत्महत्या करणाऱ्याच्या आईचं घर अशी नावं दिली. दोन्हींच्या माथ्यावर ज्वाळांसारख्या टोकदार पात्यांचा झुबका आहे. मुलाचं घर चमकत्या पोलादाचं, आईचं गंजाच्या रंगाचं. आत शिरायला दार नाही. राजवटीने पालाखला मेल्यावरही सोडलं नाही. १९७३ मध्ये त्याचं थडगं उकरून अवशेष जाळण्यात आले आणि अस्थिकलश आईकडे देण्यात आला. मुलाच्या बलिदानाची स्मारकं जगात पुष्कळ आहेत. त्याच्या शेजारी, त्याच मापाचं, आईच्या दुःखाचं घर बांधावं असं वाटणारा वास्तुरचनाकार मात्र विरळा.

पाहायचं कसं

ही बहुतेक शिल्पं उघड्यावर आहेत, त्यांना तिकीट नाही आणि अंतरं पायी फिरण्याजोगी आहेत. वेन्सेस्लास चौक, लुत्सेर्ना, फिरतं शिर, हुसोवा गल्ली, दुश्नी रस्ता आणि पालाखचा चौक हा एक सलग फेरा होतो. नदीपलीकडे काफ्का संग्रहालय, कांपा आणि उयेज्द एका ओळीत येतात. २२ क्रमांकाची ट्राम नारोद्नी त्रिदाहून थेट उयेज्दला जाते. झिझकोवच्या मनोऱ्यासाठी मेट्रोच्या ‘ए’ मार्गावर यिर्झिहो झ पोद्येब्राद स्थानकावर उतरावं. उयेज्दच्या स्मारकाला शेवटी आणि शांत वेळी जावं. त्यानंतर दुसरं काही पाहावंसं वाटत नाही.

राजवाडा, चार्ल्स पूल आणि जुन्या चौकातलं घड्याळ पाहायला जगभरातून लोक प्रागला येतात. ते पाहावंच. पण त्या सौंदर्याशी आपलं काही भांडण होत नाही, म्हणून ते मनात अलगद मावतं. ही शिल्पं मावत नाहीत. एखादं पाहून किळस आली, राग आला, हा काय आचरटपणा असं वाटलं, तर पाठ फिरवू नये. तिथेच उभं राहून आपल्याला नक्की काय खटकलं ते स्वतःला विचारावं आणि सोबत्याशी वाद घालावा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. ते वेगळं असू शकणं आणि भर रस्त्यात मोठ्याने बोलता येणं, हाच या शहराने १९८९ मध्ये मिळवलेला हक्क आहे, आणि ही शिल्पं तो रोज वापरात ठेवतात.